अनुमोदक

आमच्या दारातलं गटार तुंबलेलं आहे हे गावात कुणाला सांगायची गरज नव्हती. वारा फिरला की ते आपलं आपणच सांगत सुटायचं. तरी मी सरपंचांना पारावर गाठलं, चहाच्या गाड्यावर गाठलं, एका बारशात तर पाळण्याची दोरी त्यांच्या हातात असताना गाठलं. उत्तर एकच. "दादा, असं तोंडी सांगून भागत न्हाई. ग्रामसभेत मांडा. रेकॉर्डवर आलं पायजे."

आम्ही तासगाव तालुक्यातले. आर. आर. आबा ह्याच तालुक्यातल्या अंजनीचे. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं आणि अख्खा महाराष्ट्र हातात खराटा घेऊन उभा राहिला. आमच्या गटारापर्यंत तो खराटा काही पोचला नाही, एवढंच.

वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. रिवाजानं त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. ज्यानं ह्या तारखा काढल्या त्याच्या घरात द्राक्षबाग नसणार. जानेवारीत माल तोडायला आलेला आणि व्यापारी बांधावर. मे लागला की सगळं गाव लग्नात. २ ऑक्टोबरला छाटणीची टोळी दारात उभी. त्या दिवशी कुणाचं मत घ्यायचं असेल तर द्राक्षाच्या मांडवाखाली शिरून घ्यावं लागेल. राहता राहिला १५ ऑगस्ट. तेव्हा पाऊस असतो, गटार भरात असतं. म्हटलं, हाच मुहूर्त.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असा नियम आहे. तिला आमची ही गेली. पंचवीस-तीस बायका होत्या. ही उठली, गटाराची लांबी, खोली, डास, धाकट्याचा ताप, सगळं सांगून आली. दोन दिवसांनी इतिवृत्त बघितलं. त्यात एकच ओळ होती : 'महिलांनी विविध विषयांवर सविस्तर चर्चा केली.' माझं गटार 'विविध' ह्या शब्दात बुडालं होतं.

पूर्वी हलगी वाजवून दवंडी द्यायचे. आता कचऱ्याच्या गाडीवरच्या भोंग्यातून पुकारतात. ती गाडी आमच्या गल्लीत येत नाही. का, तर गटाराचं पाणी रस्त्यावर असतं. त्यामुळं सभेची वेळ मला दुसऱ्या गल्लीतून उसनी आणावी लागली.

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली आणि गर्दी अशी पांगली की माईकवाल्यालासुद्धा एकटं वाटायला लागलं. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. आमचं गाव दोन हजारांवर मतदारांचं, म्हणजे शंभर पुरेत. हजर होतो तेवीस. त्यांतले दोघं उरलेल्या जिलेबीसाठी थांबलेले. ग्रामसेवकांनी घड्याळ बघितलं, रजिस्टर मिटलं. सभा तहकूब.

आठवड्यानं तीच सभा पुन्हा भरली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ह्या वेळी आम्ही एकोणीस होतो आणि कायद्याच्या दृष्टीनं भरपूर होतो. मी पुढच्या सतरंजीवर बसलो. खिशात कागद होता, त्यावर मुद्दे काढलेले. बाहेर पाऊस. विषयपत्रिकेचं वाचन सुरू झालं आणि मी बोलायला परवानगी म्हणून हात वर केला.

आधीचं इतिवृत्त वाचून कायम करणं ह्यात वीस मिनिटं गेली. मग एका तरुण पोरानं सांगितलं, आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ साली गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. आपण का करू नये? सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात उपसरपंचांचा फोन वाजला आणि ते "हां बोला बोला" करत व्हरांड्यात गेले ते भोंग्याचा विषय संपेपर्यंत आलेच नाहीत. मग पाणीपट्टीवरनं दोन भावकींत जुनं भांडण निघालं. त्यात एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळातली एक विहीर आली, कुणाच्या तरी आत्याचं लग्न आलं. सरपंच हातातल्या पेनाचं टोपण लावत-काढत बसले.

माझा हात वरच होता. दुखायला लागल्यावर डाव्या हातानं कोपर धरलं. मधे शिपाई चहा घेऊन आला, तो कप मी डाव्या हातानं घेतला. उजवा खाली घ्यायचा म्हणजे नंबर जायची भीती.

विषय क्रमांक सात. ग्रामसेवक वाचत होते, "गावात मोक्याच्या ठिकाणी सिमेंटची बाकडी बसवणेबाबत. सूचक?"

"मी," तात्या म्हणाले. तात्यांचे गुडघे गेलेत.

"अनुमोदक?"

सगळ्यांनी सतरंजीचा रंग बघायला सुरुवात केली. अनुमोदक म्हटलं की सही आली, सही म्हटलं की उद्या भानगड. सरपंचांनी मान वर केली आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"हे काय, दादांचा हात वरच हाय की. लिवा."

"अहो, माझा हात गटारासाठी..."

"ठराव सर्वानुमते मंजूर," ग्रामसेवक लिहिता लिहिता म्हणाले. फार सुंदर अक्षर आहे त्यांचं. माझं नाव आडनावासकट, वडलांच्या नावासकट, एकही काना न चुकता त्यांनी लिहिलं.

शेवटी मी उभाच राहिलो. कागद काढला. गटार म्हटल्याबरोबर ग्रामसेवक अगदी आदबीनं म्हणाले, "दादा, ही तहकूब सभा. हिच्यात विषयपत्रिकेबाहेरचा नवीन विषय घेता येत न्हाई."

"नवीन? तीन वर्षं झाली त्याला."

"रेकॉर्डवर न्हाई ना."

महिन्याभरात बाकडी आली. मोक्याची ठिकाणं शोधता शोधता एक बाकडं उरलं, आणि ट्रॅक्टरवाल्याला चिखलात पुढं जाता येईना म्हणून त्यानं ते आमच्या दारासमोर, गटाराच्या बरोबर काठावर उतरवलं. आता तिथं सकाळ-संध्याकाळ तात्या बसतात. त्यांच्याबरोबर चार टाळकी जमतात. नाकाला टॉवेल लावून लाइट, ऊस, पाणीपट्टी, सगळ्यावर बोलतात. शंभर माणसं सभेला येईनात, पण ह्या बाकड्यावर बसायला नंबर लागतो. परवा सरपंचसुद्धा बसले होते. पाच मिनिटांत उठले.

"काय लगा हा वास! इथं बाकडं बसवायची अक्कल कुणाची?"

तात्यांनी टॉवेल न काढता माझ्या दाराकडं बोट केलं. "ठरावात बगा की. अनुमोदक कोण हाय?"

आता २ ऑक्टोबर जवळ आलाय. विषयपत्रिका निघायच्या आधीच अर्ज देऊन पोच घेऊन ठेवलीय. ती जपून खिशात घालत होतो, तेव्हा आतनं ही म्हणाली, "जायचं तर जा. पण ह्या खेपेला दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसा."