वाडा चकाचक नको, कोरडा हवा

बडोद्याच्या मराठी घरांत दर पावसाळ्यात एक वाद हमखास रंगतो. कुणीतरी तांबेकर वाड्याचे फोटो पाठवतं आणि सुरू होतं, "काय दशा करून ठेवली आहे!" एक काका म्हणतात, भिंती रंगवा, लाकडाला पॉलिश मारा, रात्री लाइट अँड साउंड शो ठेवा. दुसऱ्यांचं मत, खाली कॅफे काढला की खर्च आपोआप निघेल. तिसरे बहुधा वाड्याच्या शेजारचे असतात. त्यांची कुरकुर वेगळीच: या वाड्यापायी आम्हाला आमच्या घरावर मजला चढवता येत नाही. मग अमेरिकेतला एखादा भाचा मध्येच पिंक टाकतो, "आमच्याकडे वॉशिंग्टनचं घर बघा, आरशासारखं ठेवलंय."

इथे व्हर्जिनियात बडोद्याहून पाहुणे आले की माउंट व्हर्ननची, म्हणजे वॉशिंग्टनच्या त्याच घराची, फेरी ठरलेलीच असते, त्यामुळे भाच्याचं म्हणणं कुठून येतं ते कळतं. पण त्याने घर बघितलं, घराची राखण बघितली नाही. तुलना करायचीच असेल तर राखणीची करू.

तांबेकर वाडा म्हणजे विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचं राहतं घर. १८४९ ते १८५४ या काळात ते बडोदे संस्थानचे दिवाण होते. आज वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. आत चुन्याच्या गिलाव्यावर चित्रं आहेत: कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, लढाया, मधूनच गोरे साहेब आणि मडमा. माउंट व्हर्नन हे जॉर्ज वॉशिंग्टनचं पोटोमॅक नदीकाठचं घर, राजधानीपासून साधारण पंधरा मैलांवर. दोघांत एक साम्य पहिल्या भेटीत लक्षात येत नाही. माउंट व्हर्ननच्या दर्शनी भिंती दगडाच्या वाटतात, प्रत्यक्षात त्या पाइनच्या फळ्या आहेत. फळ्यांना घडीव दगडासारख्या खाचा पाडायच्या, रंग द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यावर वाळू फेकायची. सुकल्यावर दहा पावलांवरून दगडच. म्हणजे हेही आपल्यासारखं लाकडाचंच घर. त्याला वाळवी लागते, ओल चढते, फळी कुजते, आणि रंग नव्याने द्यायचा झाला तर वाळूही नव्याने फेकावी लागते.

हे घर सरकारचं नाही. १८५८ साली माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशन या बायकांच्या संस्थेने वॉशिंग्टनच्या घराण्यातल्या वारसाकडून घर आणि दोनशे एकर जमीन दोन लाख डॉलरला विकत घेतली. पैसे गावोगाव वर्गणी काढून जमवले, आपल्या गणेशोत्सवासारखे. मालकी आजही त्याच संस्थेकडे आहे, आणि घर वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं. या संस्थेने अलीकडे सुमारे चार कोटी डॉलरचं काम हाती घेतलं, ते पाहुण्यांच्या डोळ्यांत भरेल असं अजिबात नाही. लाकडी सांगाडा पायाच्या बांधकामावर ज्या आडव्या तुळईवर टेकतो, ती तुळई ठिकठिकाणी बदलायची, पाया दुरुस्त करायचा, हवेतली आर्द्रता सांभाळणारी यंत्रणा बसवायची. एवढा पैसा ओतून घर दिसणार आधी होतं तसंच. आपल्याकडे असा खर्च कुठल्याही कार्यक्रमात नारळ फोडून जाहीर करता येणार नाही, ही खरी अडचण आहे.

घाई नव्हती म्हणून तळघराची जमीन थराथराने खणली गेली. २०२४ साली तिथल्या साठवणीच्या खड्ड्यांत पस्तीस काचेच्या बाटल्या सापडल्या. त्यांतल्या एकोणतीस धड होत्या आणि आत अठराव्या शतकातली चेरी आणि बेरी जातीची फळं होती. कंत्राटदाराने आठवड्यात फरशी उचकटून काँक्रीट ओतलं असतं, तर त्या बाटल्यांचा चुरा भरावात गेला असता.

आता वाड्याकडे. चित्रांचा शत्रू धूळ नाही, पाणी आहे. छपराची पन्हळ तुंबली की पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत झिरपतं, आणि जमिनीतली ओल पायातून वर चढते ती वेगळीच. ओलीबरोबर क्षार येतात. भिंत सुकताना पाणी उडून जातं, क्षार गिलाव्याच्या पृष्ठभागाशी साचून फुगतात, आणि चित्राचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. अशा वेळी घरोघरी होतो तोच उपाय सगळ्यात घातक: सिमेंटचा गिलावा. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. खालच्या दोन-तीन फुटांना सिमेंट फासलं की ओल तिथून बाहेर पडू शकत नाही, मग ती आणखी वर चढते, नेमकी चित्रांपर्यंत. प्लास्टिक पेंटचंही तेच. लाकडाला दिलेला ऑइलपेंट वरून चकचकीत दिसतो, पण आत शिरलेलं पाणी कोंडून ठेवतो आणि खालून वाळवीची वाट लपवतो.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. चुना विझवून काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. एक भाग चुना, तीन भाग वाळू, त्यातली थोडी वाळू कमी करून सुरखी, म्हणजे विटांची पूड. थर पातळ, साधारण दहा-बारा मिलिमीटरचा. वर ओलं गोणपाट, कित्येक दिवस, नाहीतर उन्हाने थर झटकन सुकतो, तडे जातात, आणि "चुना टिकत नाही, सिमेंटच मारा" म्हणायला सगळे मोकळे. चित्रांच्या भिंतीला बोटाच्या पेराने हलकेच ठोकून बघतात. आवाज भरीव आला तर गिलावा धरून आहे, पोकळ आला तर सुटलाय. सुटलेल्या जागी मागे चुन्याचं पातळ मिश्रण सिरिंजने भरतात, आणि हे काम प्रशिक्षित माणसाचंच. ओल्या फडक्याने चित्र "स्वच्छ" करणारा हौशी माणूस शंभर पावसाळ्यांचं नुकसान एका दुपारी करतो.

उजेडाचं गणितही असंच चुकतं. कापड, कागद आणि जलरंगांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात, तैलचित्रांसाठी २००. खिडकीतून आलेला दुपारचा उजेड याच्या कितीतरी पट असतो. शिवाय उजेडाने केलेलं नुकसान साठत जातं. रात्री दिवे घालवले म्हणून दिवसाची झीज भरून येत नाही. इथे ऐतिहासिक घरांत पडदे अर्धे ओढलेले असतात, तेव्हा पाहुणे कुजबुजतात, "अगं, किती अंधार!" तो अंधार मुद्दाम ठेवलेला असतो. साउंड शोच्या फोकस दिव्यांसाठी भिंतीला भोकं पाडणं हा तर निराळाच विनोद आहे.

गर्दीचं म्हणाल तर माउंट व्हर्ननच्या मुख्य घरात वेळ छापलेल्या तिकिटानेच सोडतात. आवार फिरायला तीन तास धरावेत, घर बघायला त्यातला थोडाच वेळ लागतो. जिना अरुंद आहे, गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांनी खालचा मजला निवांत बघावा आणि नदीकडच्या ओसरीत बसावं. माणसामागे माणूस सोडायचं कारण शिस्त एवढंच नाही. लाकडी तक्तपोशीवर एका वेळी किती भार चालेल ते अभियंत्याने ठरवलेलं असतं, आणि बुटाच्या तळाला चिकटलेले वाळूचे कण पायऱ्यांना सँडपेपरसारखे घासतात. आपल्याकडे चपला बाहेर काढायची रीत वाड्यांसाठी वरदानच म्हणायची.

शेजाऱ्यांची तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नये. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीने, हा २०१० च्या दुरुस्तीनंतरचा कायदा आहे. जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण तिलाही परवानगी लागते. वाडा आहे त्या रावपुऱ्यासारख्या खेटून उभ्या वस्तीत शंभर मीटर म्हणजे कितीतरी कुटुंबं आली. त्यांना वाडा म्हणजे वारसा नव्हे, अडथळा वाटतो, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. माउंट व्हर्ननच्या ओसरीतून नदीपलीकडचा मेरिलँडचा हिरवा किनारा दिसतो. १९५५ च्या सुमारास तिथे तेलाच्या टाक्या येणार होत्या. ओहायोच्या लोकप्रतिनिधी फ्रान्सिस बोल्टन यांनी तिथली जमीन विकत घेतली, आणि १९६१ मध्ये संसदेने तिथे पिस्काटवे पार्क मंजूर केलं. अनेक जमीनमालकांनी जमीन स्वतःकडेच ठेवली, फक्त उंच बांधण्याचा आणि झाडं तोडण्याचा हक्क करारावर सोडून दिला आणि बदल्यात करात सवलत घेतली. देखावा राखायचा तर त्याची किंमत कुणीतरी मोजली पाहिजे. आपण ती शेजाऱ्याच्या खिशातून मोजतो आणि वर त्यालाच अडाणी म्हणतो.

इथवर इकडचं कौतुक झालं. पण सांगायचं काय आणि गाळायचं काय, यात या घरानेही शंभरेक वर्षं चलाखी केली. १७९९ मध्ये वॉशिंग्टन वारला तेव्हा या इस्टेटीवर ३१७ माणसं गुलाम होती. पुढे कित्येक दशकं पाहुण्यांना सांगताना त्यांचा उल्लेख "नोकर" असाच व्हायचा. १९२९ साली त्यांच्या दफनभूमीवर एक दगड बसवला, त्यावरही "विश्वासू नोकर" असंच कोरलं. १९८३ मध्ये तिथेच हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आखलेलं स्मारक झालं, त्यावर "गुलाम" हा शब्द आहे. जुना दगड उखडला नाही. थोड्या पावलांच्या अंतराने दोन्ही वाचता येतात.

हे सगळं कळलं ते घरच्याच हिशेबवह्यांतून. वॉशिंग्टनचे लाकडी दात ही शाळेतली दंतकथा. खऱ्या कवळ्यांत हस्तिदंत होता, धातू होता, माणसांचे दातही होते. मे १७८४ च्या नोंदीत निग्रोंना नऊ दातांपोटी सहा पौंड दोन शिलिंग दिल्याचं लिहिलं आहे. विशेषण नाही, खंत नाही, नुसता खर्च. स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळं आहे, आगीच्या आणि उष्णतेच्या भीतीने, मध्ये खांबांची वाट. तिथला हर्क्युलिस नावाचा नामांकित आचारी १७९७ मध्ये पळून गेला. त्या चुलीसमोर उभं राहिलं की राष्ट्रपुरुषाबद्दल घोषणा द्यावीशी वाटत नाही, त्याला शिव्याही घालाव्याशा वाटत नाहीत. पुढची वही वाचावीशी वाटते.

आपल्याकडे वाद इथेच अडतो. एका बाजूला "आमच्या सयाजीरावांना नावं ठेवता?", दुसऱ्या बाजूला "राजवाड्यांचं कौतुक कशाला?" गायकवाडांच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातून बाहेर पडणारा माणूस १८९० चं बांधकाम, दरबार हॉल आणि रंगीत काचा यांबद्दल भरभरून बोलतो. महाराजांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात जायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, हेही त्याला ठाऊक असतं. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे तेच आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत आले आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी त्यांना बाहेर काढलं गेलं. ती गोष्ट कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर सांगितली जाते. शिष्यवृत्ती इथे, बेघर होणं तिथे, आणि दोन्ही जागा एकाच शहरात असून पाहुणा बहुधा एकच बघून गाडी पकडतो.

राजवाडा खाजगी मालमत्ता आहे, तिथे राजघराणं आजही राहतं, त्यामुळे किती खोल्या दाखवायच्या हा त्यांचा प्रश्न. माझ्या मते राहतं घर असणं हे माउंट व्हर्ननपेक्षा आपलं भाग्य आहे. जिथे रोज दिवा लागतो तिथे गळती त्याच दिवशी कळते. तांबेकर वाड्यात दिवा लावणारं कुणी नाही, म्हणून तिथे वही हवी. कोठार कुठे होतं, पाणी कोण भरायचं, दिवाणांच्या पंक्तीला किती पानं उठायची, या प्रश्नांची उत्तरं गायकवाडी दप्तराच्या मोडी कागदांत शोधावी लागतील. मोडी वाचणारे हात कमी होत चालले आहेत. मराठी पाटीसाठी भांडणाऱ्या बडोदेकरांनी, आणि डॉलर पाठवू म्हणणाऱ्या आम्ही लोकांनी, आधी दोन-चार मुलांच्या मोडीच्या शिकवणीची फी भरावी. कॅफेपेक्षा स्वस्त पडेल.

बाकी काम मृगाच्या आधीचं, दरवर्षीचं: पन्हळी मोकळ्या करणं, फुटकी कौलं बदलणं, भिंतीला चिकटून उगवलेला पिंपळ मुळासकट काढणं, मागल्या वर्षीच्या ओलीच्या खुणेशेजारी तारीख घालून यंदाची खूण करणं. हे करायचं पुरातत्त्व खात्यानेच, बाहेरच्याने शिडी लावायची नाही, पण विचारता सगळ्यांना येतं. पुढच्या पावसाळ्यात फोटो पाठवायचाच असेल तर चित्रांचा नको. पाऊस चालू असताना पन्हळीचा काढा, पाणी नेमकं कुठे पडतंय ते दिसेल असा.