ग्रॅनाइटच्या कट्ट्यानं कॅन्सर होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घर बांधणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की स्वयंपाकघराच्या कट्ट्याच्या ग्रॅनाइटमधून रेडिएशन निघतं आणि त्यानं कॅन्सर होतो. दगडाच्या बारीक छिद्रांत जंतू राहतात. लिंबू पिळल्यावर डाग पडला तर दगड नकली. आपल्या भागातला दगड हलका, म्हणून इम्पोर्टेड घ्या. आणि सगळ्यात सुरक्षित क्वार्ट्झचा कट्टा, कारण तो ‘शंभर टक्के नैसर्गिक’. माझं काम घरं बांधण्याचं. हा मेसेज वाचून घाबरलेली माणसं पसंत केलेला दगड रद्द करायला येतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितोय.

आधी रेडिएशन. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम आणि थोरियम अगदी थोड्या प्रमाणात असतं, हे खरं आहे. युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू तयार होतो, हेही खरं. रेडॉन फुप्फुसाच्या कॅन्सरचं एक मोठं कारण आहे, धूम्रपानाच्या खालोखाल. मेसेज लिहिणाऱ्यानं ही खरी माहिती उचलली आणि ती चुकीच्या ठिकाणी लावली. घरात साठणारा रेडॉन मुख्यतः पायाखालच्या जमिनीतून येतो. कट्ट्याची पॉलिश केलेली घट्ट फरशी त्यात जी भर घालते ती फार थोडी. २००८ मध्ये अमेरिकेत हीच भीती पसरली होती. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं म्हणणंही हेच आहे की घरातल्या रेडॉनचा मुख्य स्रोत जमीन, ग्रॅनाइटचे कट्टे नव्हेत. तिकडे थंडीत महिनोन् महिने घरं बंद असतात. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी फोडणी टाकायच्या आधीच उघडलेली असते.

दुसरी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. आपल्याकडे सर्वांत जास्त खपतो तो काळा ग्रॅनाइट. दुकानात त्याला ग्रॅनाइट म्हणत असले तरी भूशास्त्राच्या हिशेबानं तो बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. या जातीच्या दगडात युरेनियम खऱ्या ग्रॅनाइटपेक्षाही कमी असतं. रेडिएशनच्या भीतीनं काळा कट्टा रद्द करणाऱ्यानं कमी युरेनियमवाला दगडच नाकारलेला असतो.

जंतूंचा मुद्दा लवकर संपतो. चांगला ग्रॅनाइट आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषतो. रोज साबणाच्या पाण्यानं पुसला तर तो स्टीलच्या किंवा टाइलच्या कट्ट्याइतकाच स्वच्छ राहतो. फिकट रंगाचे काही दगड जास्त पाणी पितात. दुकानातच फरशीवर पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. पुसल्यावर तिथे गडद ठसा दिसला तर त्या दगडाला सीलर, म्हणजे शोषण रोखणारा द्रव, लावावा लागणार, आणि तो अधूनमधून पुन्हा लावावा लागणार. ठसा उमटला नाही तर सीलरवर पैसे घालवू नका.

लिंबाची परीक्षा मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यामुळे लोक चांगला दगड टाकून देतात. लिंबू, चिंच, आमसूल, दही यांतलं आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला खातं. संगमरवर त्याचाच बनलेला असतो. कडप्पा, शहाबादी, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड, तेही तसेच. त्यांच्यावर लिंबू पडलं की पॉलिश जाऊन पांढुरका डाग राहतो. म्हणून ते नकली ठरत नाहीत, त्यांची जातच तशी आहे. आमच्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत कडप्प्याच्या कट्ट्यावर दोन पिढ्या जेवल्या. ज्या घरात रोज सोलकढी आणि चिंचेची आमटी होते, तिथे मात्र मी संगमरवराचा कट्टा कधीच सुचवणार नाही, मग तो मकराण्याचा असो की इटलीचा. सीलर लावला तरी हा डाग थांबत नाही, कारण सीलर शोषण रोखतो, आम्लाचा मारा नाही.

आणि फसवणूक ज्या ठिकाणी खरोखर होते, तिथे लिंबू उपयोगाचंच नाही. करड्या दगडाला रंग किंवा तेल चोळून तो गर्द काळा म्हणून विकतात, हे घडतं. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घ्या, त्यात अ‍ॅसिटोन असलेला, आणि फरशीच्या कोपऱ्यावर जोरानं घासा. फडकं काळं झालं तर तो दगड सोडा.

‘आपल्या भागातला दगड हलका’ हे वाचून मला वाईट वाटलं. बागलकोट जिल्ह्यातलं इलकल, ज्याच्या लुगड्याला आपण इरकल म्हणतो, तिथला लालसर ग्रॅनाइट परदेशात जातो. चामराजनगरचा काळा दगडही जातो. इम्पोर्टेड ही चिठ्ठी दगडाचा टिकाऊपणा सांगत नाही. त्यापेक्षा फरशीची कड टेपनं मोजा. अठरा मिलिमीटर सांगून सोळाची देणारे आहेत. फरशी उलटी करून बघा. मागे जाळी चिकटवलेली असेल तर दगड कमजोर असू शकतो, जाळी का लावली ते विचारा. सगळ्या फरश्या एकाच लॉटमधल्या आहेत का, ते उन्हात शेजारी शेजारी उभ्या करून पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंगाचा फरक कळत नाही.

आता क्वार्ट्झ. क्वार्ट्झ हे खनिज नैसर्गिक आहे, पण बाजारातला क्वार्ट्झचा कट्टा कारखान्यात तयार होतो. सुमारे नव्वद टक्के क्वार्ट्झचा चुरा, उरलेलं पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे चुरा बांधून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य, आणि रंग. माल वाईट नाही. डाग कमी धरतो, सीलर लागत नाही. पण रेझिनला उष्णता सोसत नाही, साधारण दीडशे अंशांपुढे ते करपू लागतं. जोंधळ्याच्या भाकरीचा तवा त्याहून कितीतरी जास्त तापतो. तो उतरवून थेट ठेवलात तर कायमचा डाग पडेल. ग्रॅनाइट हे सहज सोसतो.

दगडामुळे फुप्फुसं खरोखर जातात ती दगड कापणाऱ्याची. कोरड्या कटरनं दगड कापला की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि तिच्यामुळे सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. त्यावर बरा करणारा इलाज नाही. ग्रॅनाइटमध्ये सिलिका आहेच, पण कारखान्यातल्या क्वार्ट्झमध्ये ती त्याच्या दुपटीहून जास्त असते. कामगारांना हा आजार झाल्यामुळे ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड वापरण्यावर बंदी घातली. मेसेज ज्याला सर्वांत सुरक्षित म्हणतो तो माल हाच, आणि मेसेजमध्ये दगड कापणाऱ्या पोराबद्दल एक ओळही नाही.

म्हणून दगड कोणताही घ्या, सिंकचं आणि शेगडीचं माप आधी पक्कं करून ते कटिंग दुकानातल्या पाण्याच्या मशीनवर करून घ्या. घरी थोडं कापावं लागलंच तर अंगणात, कटरवर पाण्याची धार धरून. मिस्त्रीला आणि त्याच्या मदतनिसाला एन-९५ मास्क तुम्ही आणून द्या, तोंडाला बांधलेल्या टॉवेलनं ही धूळ अडत नाही. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. याला वेळ जास्त लागतो, म्हणून मजुरी ठरवतानाच मिस्त्रीला तसं सांगा आणि त्या वेळेचे पैसे द्या.