एक मार्क

१ मेला झेंडावंदन झालं, चौथीची प्रगतिपुस्तकं वाटली, मुलं पसार. एक आजोबा तेवढे नातीला घेऊन माझ्या टेबलासमोर बसले. ते अजून माझ्या डोक्यातून उठलेले नाहीत.

"बाई, गणितात ऐंशी आणि श्रेणी ब-१?"

"एकाहत्तर ते ऐंशी ब-१, आजोबा. एक्याऐंशीपासून अ-२."

"मग एक टाका की!"

टाका की! चौथीला आकारिकचे, म्हणजे सत्रभरातल्या कामाचे ६० आणि संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे ४०, त्यातून हे ८० जमलेले. ते आकारिकच्या नोंदवहीतून निकालपत्रकात आणि तिथून प्रगतिपुस्तकात उतरतात. एक आकडा हलला की सगळीकडच्या बेरजा हलतात. व्हाइटनर चालत नाही. चुकलं तर एक रेघ, वर नवा आकडा, शेजारी सही. खाडाखोड फार दिसली की अख्खं पान पुन्हा लिहा. हे सगळं मी हातवाऱ्यांसकट सांगितलं.

आजोबा निवृत्त तलाठी. म्हणाले, "सातबाऱ्यावर आम्ही विहीर चढवायचो. तुम्हाला एक मार्क चढेना?"

मग त्यांनी माझं पेन मागितलं आणि त्याचं टोक एकेका ओळीवर टेकवत वाचन सुरू केलं. इथे सांगायला हवं, की प्रगतिपुस्तकात विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक असे तीन रकाने असतात. ३२ मुलं, म्हणजे एका सत्राच्या ९६ नोंदी. पहिल्या सत्राचंच वाक्य दुसऱ्यात आलं की तपासणीत विचारणा. म्हणून दिवाळीपूर्वी 'सुंदर चित्रे काढते' ती मुलगी एप्रिलमध्ये 'रेखाटनात रमते'. शिवाय नोंद सकारात्मक हवी. दिवसभर शेजारणीचं डोकं खाणारीला 'संवादकौशल्य उत्तम' लिहावं लागतं. वर लोक विचारतात, बाई, तुम्हाला काय, महिनाभर सुट्टी ना?

"'इतरांचे बोलणे ऐकून घ्यावे,'" आजोबांनी मोठ्यांदा वाचलं. "हे कोणाला?"

नातीने गारेगार चोखत आजोबांकडे बोट दाखवलं.

"'हस्ताक्षर वळणदार काढावे.'" त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला. "आणि हे कोणी लिहिलंय?"

मी. रात्री साडेअकराला, अठ्ठ्याऐंशीवी नोंद. लाइट गेलेले होते. हे त्यांना सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

एप्रिलभर मी या वर्गाचे दिवस मोजत होते. त्यातही हिचे जरा जास्तच. प्रश्नाचा पहिला शब्द ऐकून उत्तर देणारी पोरगी, निम्मं चुकीचं, पण खणखणीत. आजोबा उठले तशी ती दारातून वळली.

"बाई, येते हं!"

"ये," मी म्हटलं. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे.

पेन आजोबांच्या खिशातून गेलं. निकालपत्रकाच्या शेवटच्या पानावर सही राहिली होती.