लोगोवर अडकलंय, मग फॉरमॅट कशासाठी?

‘कॉम्प्युटर सुरू होताना लोगोवर अडकला म्हणजे व्हायरस शिरला. पॉवर बटण दाबून चार-पाच वेळा बंद-चालू करा. तरी जमलं नाही तर मदरबोर्डवरचा सेल काढून परत बसवा. खात्रीचा उपाय म्हणजे फॉरमॅट.’ हा मेसेज मला कितीतरी जणांनी पाठवला. ओळखीच्या एका काकूंनी तो मनावर घेतला आणि दुकानात नेऊन मशीन फॉरमॅट करून आणलं. मुलीच्या लहानपणीचे सगळे फोटो गेले. दुसऱ्या दिवशी घरी मशीन पुन्हा त्याच लोगोवर अडकलं. म्हणून हे लिहितोय.

आधी व्हायरसचं बघू. मशीन नेमकं कुठे अडकलं हे बघितल्याशिवाय कारण सांगताच येत नाही. चालू केल्यावर पहिल्यांदा बायोस (मदरबोर्डवरचं, मशीन सुरू करून देणारं सॉफ्टवेअर; नव्या मशीनमध्ये त्याला यूईएफआय म्हणतात) मेमरी म्हणजे रॅम, डिस्क आणि यूएसबीला जोडलेल्या वस्तू तपासतं. विंडोजची पाळी त्यानंतर. विंडोज १० आणि ११ मध्ये कंपनीच्या लोगोखाली गोल फिरणारे ठिपके दिसले, तर विंडोज लोड व्हायला लागलेलं असतं. ठिपकेच नसतील तर घोटाळा बहुधा त्याआधीचा. काकूंकडे ठिपके नव्हते. कीबोर्ड-माउस सोडून मी सगळ्या वायरी उपसल्या आणि मशीन अर्ध्या मिनिटात सुरू झालं. मग एकेक वस्तू परत लावत गेलो. कार्ड रीडर लावला, पुन्हा लोगो. त्यात जुन्या कॅमेऱ्याचं एक खराब मेमरी कार्ड तसंच राहिलं होतं.

ठिपके फिरतच राहिले, तरी व्हायरसच असेल असं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोलमडली. ते तर सुरक्षेचंच सॉफ्टवेअर होतं. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू करून, एक फाइल डिलीट करणं हा त्यावरचा उपाय होता.

बंद-चालू करण्याच्या सल्ल्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. विंडोज सुरू होता होता सलग दोन-तीनदा बंद पडलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. पण तिथून पुढे सेफ मोड निवडायचा असतो, पुन्हा बटण दाबायचं नसतं. सेफ मोडमध्ये मशीन नीट चाललं तर अलीकडे टाकलेल्या ड्रायव्हरवर (एखादा भाग विंडोजशी जोडून चालवणारा प्रोग्राम) किंवा सॉफ्टवेअरवर संशय घ्या. अपडेट चालू असताना वीज तोडलीत तर मात्र नसलेला बिघाड ओढवून घ्याल. डीडीआर५ मेमरी नवी बसवल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो, कारण बोर्ड मेमरीशी जुळवून घेत असतो. मध्येच बंद केलं की ते पहिल्यापासून. म्हणून बटणाला हात लावण्याआधी कॅप्स लॉक दाबून बघा आणि डिस्कचा दिवा बघा. कॅप्स लॉकचा दिवा लागत-विझत असेल किंवा डिस्कचा लुकलुकत असेल, तर आत काम चालू असण्याची शक्यता आहे. थोडं थांबा.

सेलचं काम घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज जपण्याचं. वेळ सारखी मागे पडत असेल तर तो बदला. पण उगाच काढलात तर सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात. रेड आणि एएचसीआय या डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती. डिस्क रेड मोडवर असेल आणि ती एएचसीआयवर गेली, तर चांगलं चालणारं विंडोजही उठत नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती कुठे ठेवली हे बऱ्याच घरांत कुणालाच आठवत नाही.

आता फॉरमॅट, ज्याची मला सगळ्यात जास्त चीड येते. डिस्कच मरायला टेकली असेल तर फॉरमॅटने ती बरी होत नाही. बिघाड मेमरीत किंवा यूएसबीवर असेल तर डिस्कचा त्याच्याशी संबंधच नाही. विंडोज उठत नसलं तरी फाइल्स बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. लिनक्सच्या (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि हव्या त्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर असेल तर इथेही की लागेल. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, वगैरे त्यानंतर, कारण खराब होत चाललेल्या डिस्कवर तासन्‌तास चालणारी ती तपासणीच तिला संपवू शकते.

दुकानात काकूंचं मशीन सुरळीत चाललं, कारण कार्ड रीडर घरीच राहिला होता. दुकानदाराला वाटलं, फॉरमॅटनेच काम झालं. आत एसएसडी होती. फॉरमॅट झाल्यावर विंडोज तिला ट्रिमची, म्हणजे जुना डेटा आता नको असल्याची, सूचना देतं आणि जुना डेटा परत मिळण्याची आशा जवळपास संपते. मी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. एकही फोटो उघडला नाही.