‘कोटलिन येत नाही? मग कॅमेरा विसरा’

ॲप शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्यातले दावे तीन: कोटलिन किंवा स्विफ्टशिवाय (अनुक्रमे अँड्रॉइड आणि आयफोनची ॲप्स लिहायच्या भाषा) फोनचा कॅमेरा, जीपीएस, ब्लूटूथ हाती लागत नाही; सगळ्या परवानग्या पहिल्याच स्क्रीनवर मागून घ्या, एकदा मिळाल्या की कायमच्या; आणि नेटशिवाय जीपीएस बंद.

पहिला दावा अर्धवट आहे. जावास्क्रिप्ट या वेबसाइटच्या भाषेतून फोनच्या आत शिरायची वाट फोनगॅप नावाच्या साधनाने २००८ मध्येच काढली. आज रिॲक्ट नेटिव्ह आणि (डार्ट भाषेतून) फ्लटर ही ॲप बनवायची साधनं तसंच करतात: तुम्ही प्लगइनला, म्हणजे तयार जोड-तुकड्याला, हाक मारता, पलीकडे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं कोटलिन-स्विफ्ट ती ऐकतं. प्लगइन नसेल किंवा बनवणाऱ्याने ते वाऱ्यावर सोडलं असेल, तर मात्र तेवढा तुकडा स्वतः लिहावा लागतो. तेवढ्यापुरतं फॉरवर्डवाल्याचं बरोबर.

दुसरा सल्ला मी स्वतः पाळून पस्तावलोय. सोसायटीच्या तक्रारींसाठी ॲप केलं आणि उघडल्या उघडल्या पाच परवानग्या मागितल्या. गिरगावातल्या मावशीने सगळ्यांना नकार देऊन फोन केला, “नळ गळतोय हे सांगायला तुला माझे नंबर कशाला हवेत रे?” उत्तर नव्हतं.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, अशी परवानगी काम पडेल तेव्हा मागायची सोय आहे. अँड्रॉइड ११ मध्ये ‘फक्त या वेळी’ आलं. काही महिने ॲप उघडलं नाही तर दिलेली परवानगीही फोन आपणहून काढून घेतो. दोनदा नकार मिळाला की विचारणारी खिडकी पुन्हा येत नाही, माणसाला सेटिंग्जमध्ये पाठवावं लागतं. कायमचं असं काही नाही. दर वेळी तपासूनच पुढे जायचं.

गंमत म्हणजे आम्हाला हवा होता फक्त गळक्या नळाचा फोटो. त्यासाठी इंटेंटने, म्हणजे दुसऱ्या ॲपला काम सांगणाऱ्या निरोपाने, फोनचाच कॅमेरा उघडला तर परवानगी लागतच नाही. पण मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपला काय काय लागतं त्या यादीच्या फाइलमध्ये, कॅमेऱ्याची परवानगी लिहिलेली असेल आणि ती मिळालेली नसेल, तर हा साधा मार्गही एरर देतो. आमच्या मॅनिफेस्टमध्ये ती ओळ एका लायब्ररीने (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडने) गुपचूप घुसवली होती. ती शोधण्यात दोन दिवस गेले. आता मावशी बटण दाबते आणि तिचा रोजचाच कॅमेरा उघडतो.

तिसऱ्यावर फार शाई नको. जीपीएस उपग्रहांचं नुसतं ऐकतो. जागा ठरवायला निदान चार उपग्रह लागतात, नेट नाही. नेट असेल तर पहिला ठिकाणा लवकर लागतो, इतकंच. कान्हेरीला डेटा बंद करून बघा, आकाश मोकळं असेल तर नकाशावरचा ठिपका बरोबर चालतो. उलट भुयारी मेट्रोत आचार्य अत्रे चौकाला ठिपका भरकटला, तर कोटलिनमध्ये लिहिलेलं ॲपही छतापलीकडचे उपग्रह ऐकू शकणार नाही.