शिंप्याला विचारलं असतं तरी चाललं असतं

मृगाची पहिली सर आली की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन गोष्टी ठरलेल्या: कुणीतरी काढलेला अंगणाचा व्हिडिओ आणि त्याखाली ‘पेट्रिकोर’ हा शब्द. यंदा मुंबईच्या मामेभावाने अख्खी यादीच पाठवली. तुमच्याकडेही आली असेल. ‘या गोष्टींना नाव असतं हे माहीत होतं का? इंग्रजीत प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला शब्द आहे!’ असा मथळा, खाली वीसेक शब्द आणि शेवटी कुणीतरी मराठीत जोडलेली ओळ: ‘आपल्या भाषेत यातल्या एकालाही शब्द नाही.’ ग्रुपवर भराभर अंगठे पडले. मी दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी राहवेना.

पेट्रिकोरपासूनच सुरुवात करू, कारण यादीचा राजा तोच. ‘पावसानंतर येणारा मातीचा वास’ असा अर्थ दिलाय. शब्द ग्रीक वाटतो, म्हणून लोकांना तो होमरच्या काळातला वाटतो. प्रत्यक्षात त्याचा जन्म १९६४ सालचा. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ‘दगड’ आणि ‘देवांच्या नसांतून वाहणारा रस’ असे दोन ग्रीक शब्द सांधून तो घडवला. त्यांना नाव हवं होतं ते तापलेल्या, कोरड्या दगडामातीत साठून राहणाऱ्या तेलकट अंशाला. म्हणून तर जुलैत तिसऱ्या आठवड्यात कितीही कोसळला तरी तो वास येत नाही; आधी रखरखाट लागतो. आता गंमत बघा. ज्या लेखात हा शब्द पहिल्यांदा छापला गेला, त्याच लेखात उत्तर भारतातल्या अत्तरवाल्यांचा उल्लेख आहे. ते हा वास कधीपासूनच गाळून बाटलीत भरत होते. कनौजला मातीचं अत्तर आजही मिळतं. म्हणजे इंग्रजीत नाव पडायच्या आधी आपल्याकडे त्या वासाचा धंदा चालू होता!

मराठीत मृद्गंध आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तोही कवितेतच जास्त दिसतो. माझी आई एवढंच म्हणते, “मातयेचो वास इलो,” आणि पुढचं वाक्य म्हणायच्या आत खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सोलं उचलायला धावते.

आता आर्मसाय. ‘कपड्यात हात घालायच्या भोकाला आर्मसाय म्हणतात, आपण नुसतं भोकच म्हणतो.’ कोण आपण? मालवणच्या बाजारात आमचा शिंपी आहे. गेल्या महिन्यात ब्लाउज घालून बघितला आणि खांदा जरा हलवला, तर त्याने चष्म्यावरून बघून विचारलं, “मुंढो आवळता काय गो बाय? सोडतंय मगे.” बोटाने बगलेपाशी खडूची एक कमान ओढली आणि झालं. मुंढा! ज्याने कधी कपडे शिवून घेतलेत त्याला हा शब्द माहीत असायला हवा. हल्ली सगळे तयार कपडे घेतात, तेव्हा शब्द भाषेत नाही असं नाही, आपली शिंप्याकडची फेरी बंद पडली एवढंच. इंग्रजीतही तो शिंप्यांचाच शब्द आहे. ‘आर्म्स आय’ म्हणजे ‘हाताचा डोळा’ यावरून तो आला, अशी कथा या यादीसोबत फिरते तीही खोटी. मूळ शब्द स्कॉटलंड-अल्स्टरकडच्या बोलीतला आहे.

यादीचा बराच भाग तर इंग्रजी म्हणावा का, असा प्रश्न पडतो. करंगळीला ‘मिनिमस’, भुवयांमधल्या जागेला ‘ग्लॅबेला’, नव्या बाळाच्या रडण्याला ‘व्हॅजायटस’. हे डॉक्टरांच्या पुस्तकातलं लॅटिन आहे. लंडनच्या बाईचं बाळ रडलं तर ती व्हॅजायटस ऐकू आला म्हणत नाही. आपली बाई ट्यांहां म्हणते आणि सुईणीसकट सगळ्यांना कळतं. ग्लॅबेला म्हणजे भ्रूमध्य, जिथे आजी कुंकू लावायची. आणि बोटांच्या बाबतीत तरी मराठीला कमी लेखू नका. अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी. इंग्रज माणूस यातल्या शेवटच्या तिघांना बोलताना दोन-दोन शब्द जोडून नावं देतो.

काही अर्थ तर सरळ चुकलेत. शॅम्पेनच्या बुचावरची तारेची जाळी म्हणजे ‘अग्राफ’, असं लिहिलंय. त्या जाळीला म्युझले म्हणतात, फ्रेंचमधल्या मुसकीवरून. (बैलाच्या तोंडाला बांधतात तीच मुसकी. आपल्याकडे शॅम्पेन नाही, मुसकी आहे.) अग्राफ ही त्याआधी बूच दाबून धरायला वापरायची धातूची पकड. ‘वॅम्बल’ म्हणजे पोटातली गुरगुर, हेही अर्धवट. शब्दकोशात त्याचा मुख्य अर्थ पोट ढवळणं, म्हणजे आपलं मळमळणं. गुरगुरीसाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, बोर्बोरिग्मस, आणि तो उच्चारेपर्यंत जेवण वाढून होतं. सकाळी अंथरुणातून उठवत नाही त्याला ‘डिसेनिया’ नावाचा आजार असतो, असंही यादी सांगते. वैद्यकात असं निदान नाही. आमच्या भाच्याने मात्र ते लगेच स्वतःला लावून घेतलं.

‘ओव्हरमॉरो’ वाचून मला खरोखर हसू आलं. उद्यानंतरचा दिवस! १५३५ च्या इंग्रजी बायबलात तो सापडतो, पुढे इंग्रजांनीच टाकून दिला आणि आज ते ‘द डे आफ्टर टुमॉरो’ असे चार शब्द बोलतात. ज्या गोष्टीला मराठीत शब्द नाही असा दावा आहे ती म्हणजे परवा. आमच्या मच्छीबाजारात दिवसाला शंभरदा कानावर पडते. त्याच्या पुढचा दिवसही आहे, तेरवा.

बाकीचे भरभर उरकते. डोळे मिटून दाबल्यावर दिसणारे ठिपके, फॉस्फीन: डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते हेच, फक्त आपल्याकडे त्यासाठी बहुधा कानफटात खावी लागते. वाचता न येणारं अक्षर, ग्रिफोनाज: गिचमिड, फराटे, कोंबडीचे पाय, हवं ते घ्या. ‘आय’वरचा ठिपका, टिटल: टिंब. जास्त खाल्ल्यावरची अस्वस्थता, क्रॅप्युलन्स: तडस. इंग्रजी शब्दाचं मूळ दारूच्या उताऱ्यात आहे, आपला तडस मात्र शुद्ध जेवणाचा. श्रावणातल्या पंक्तीत सातवा मोदक खाल्लेल्याला विचारा.

बुटाच्या नाडीच्या टोकाला असतं त्या ‘अ‍ॅग्लेट’ला मराठी शब्द मला सापडला नाही. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह एकत्र करणाऱ्या ‘इंटरोबँग’लाही नाही, ते १९६२ मध्ये एका अमेरिकन जाहिरातवाल्याने काढलं आणि त्यांच्याकडेही फारसं रुजलं नाही. हे दोन मामेभावाला दिले.

मग मला खुमखुमी आली की आपणही उलटी यादी करावी, ‘इंग्रजीत शब्द नाही’ अशी. पहिलाच शब्द लिहिला भांग. अष्टमीच्या सुमारास भरती चढत नाही, पाणी मेल्यासारखं असतं, ती भांगाची भरती. मग कोश उघडला तर इंग्रजीत ‘नीप’ आहेच, अस्सल आणि जुना. शब्द खोडला. शहाळं आणि नारळ यांच्या मधलं अडसर टिकलं. हापूसच्या आत होणारा साका अर्धा टिकला. इंग्रजीत त्याला ‘स्पंजी टिश्यू’ असं दोन शब्दांत भागवतात. पुढे लिहायचा कंटाळा आला, कारण मी मामेभावाचंच काम उलट्या बाजूने करत होते.

शेवटी ग्रुपवर एवढंच टाकलं: ‘बमलो’ या दुर्मिळ इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगा. मामेभाऊ म्हणाला, आळसावलेला माणूस. एका मावशीने इटालियन मिठाई सांगितली. भाच्याने गुगल केलं नाही असं त्याने शपथेवर सांगितलं, तरी त्याचं उत्तर चुकलं. संध्याकाळपर्यंत कुणालाच येईना. मग मी चुलीवर भाजत ठेवलेल्या सुक्या बोंबलांचा फोटो टाकला. इंग्रजांनी तो शब्द आपल्याच बोंबलावरून उचलला असावा, असं त्यांचे कोशच सांगतात.

मामेभावाचं उत्तर आलं, “माझ्यासाठी पाव किलो ठेव.”