पिवळ्या तोफा आणि तपकिरी माणसं

नेपोलियनच्या लढाया रंगवलेली छोटी माणसं आणि तोफा मांडून टेबलावर खेळायच्या असतील तर सैन्य निवडताना आधी तोफगाड्याचा रंग बघावा, असं माझं आता ठाम मत झालंय. फ्रेंचांचा हिरवट, ब्रिटिशांचा करडा, प्रशियाचा निळसर, एक हात मारला की झालं. ऑस्ट्रियाचा मात्र पिवळा, आणि त्यावरच्या लोखंडी पट्ट्या, कड्या सगळं काळं. आता पिवळा रंग म्हणजे एक नंबरचा कामचुकार, तीन हात मारा, चार मारा, खालचा प्रायमर आपला डोकावतोच, आणि कसाबसा बसला की काळी पट्टी ओढताना ब्रश केसभर सरकतो, की चला परत पिवळ्यापासून. पावसाळ्यात तर स्प्रेला हातच लावायचा नाही, दमट हवेत प्रायमर रवाळ बसतो आणि तोफेला घामोळं आल्यासारखं दिसतं.

बरं, नळी ब्राँझची. गोलंदाजांचे कोट तपकिरी. आईने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "अरे, रंगवलंयस की चिखलात पडलं होतं?" कॉलरचा लाल रंग तेवढा आधार, पण 28 मिलिमीटरच्या माणसाची कॉलर ती केवढी!

खरा छळ घोडदळाबरोबर पळणाऱ्या तोफांचा. इतर देशांचे गोलंदाज सरळ घोड्यावर बसायचे. यांनी काय केलं, तर तोफगाड्यावरच लांब गादी ठोकली आणि माणसं तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून एकामागे एक बसवली. पुढे घोडे, त्यांचे पट्टे, बकलं. त्या माणसांच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला ब्रश जातच नाही, आणि कोणी बघणार नाही म्हणून सोडलं तर आमच्या ग्रुपमधला एक जण हमखास मोबाईलचा टॉर्च मारून तिथेच बघतो.

हे सगळं कशासाठी, तर आस्पर्न-एस्लिंगची लढाई. मे 1809, व्हिएन्नाच्या शेजारी, ऑस्ट्रियाचा सेनापती आर्चड्यूक कार्लकडे अडीचशेच्या वर तोफा, नेपोलियनला चक्क मागे फिरावं लागलं आणि त्याचा लाडका मार्शल लान तोफेच्या गोळ्याने जायबंदी होऊन पुढे त्यातच मेला. आमच्या टेबलावर लान समोर उघड्यावर उभा, माझ्या सगळ्या तोफा त्याच्याकडे वळवलेल्या, फासा टाकला, एक. परत टाकला, परत एक. पुढच्या चालीत फ्रेंच घोडदळ येऊन तोफांची अख्खी तुकडी उचलून डब्यात, आणि मित्र झाकण लावता लावता म्हणतो, "पिवळा मस्त जमलाय हां यावेळी."